जेजुरीच्या पायऱ्या, पिवळी जोडपी आणि आमचा कॅमेरा

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर जेजुरी नावाचे स्टेशन आहे. लग्नसराईत गाडी तिथे थांबली की डब्यात पिवळेधमक प्रवासी चढतात. केसांत हळद, पापण्यांवर हळद, चपलांच्या पट्ट्यांत हळद. नवरीच्या हातात हिरवा चुडा, नवरदेवाचा पांढरा सदरा आता पांढरा राहिलेला नसतो, बरोबर करवली, मामा, एखादी आजी आणि खोबऱ्याच्या तुकड्यांनी भरलेली पिशवी. सासवड रोड येईपर्यंत बाकावर, खिडकीच्या गजांवर आणि शेजारच्या प्रवाशांच्या कपड्यांवर त्या हळदीचे ठसे उमटलेले असतात. सातारा जिल्ह्यातून पुण्याला जा-ये करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे दृश्य नवीन नाही.

खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे अशी घराणी महाराष्ट्रात असंख्य. धनगर आहेत, मराठा आहेत, रामोशी आहेत, देशस्थ ब्राह्मणही आहेत. लग्न लागले की नव्या जोडप्याने जेजुरीला जाऊन यायचे, ही या घरांतली रीत. गडाच्या पायऱ्या चढताना नवरदेवाने नवरीला उचलून घ्यायचे, निदान पाच पायऱ्या तरी. जत्रेत, लोकांदेखत, सासू-सासऱ्यांच्या समोर. एरवी ज्या घरांत नवरा-बायको चारचौघांत शेजारी बसायलाही लाजतात, त्या घरांतली माणसे इथे टाळ्या वाजवून म्हणतात, “अजून एक, अजून एक!”

हे दृश्य टिपण्यासाठी आम्ही गेली काही वर्षे कॅमेरा घेऊन जेजुरीला आणि इतरत्र जात आहोत. आम्ही म्हणजे आम्ही मायलेकी आणि मुलांचे अब्बा. मायलेकी कॅमेरा घेऊन पुढे, अब्बा पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या घेऊन मागे. घरात दोन शिक्षक असल्यामुळे प्रवास मे महिन्याच्या सुट्टीतच होतो, आणि मे महिना हा लग्नांचा महिना. म्हणजे आम्ही लग्ने शोधायला निघत नाही, लग्नेच वाटेत येतात.

“दुसऱ्यांच्या लग्नात, तेही हिंदूंच्या, तुम्ही कॅमेरा घेऊन कशाला जाता?” असे आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनी एकदा स्पष्टच विचारले. प्रश्न रास्त होता. आमच्या घरांत फोटोचे नाते तसे अवघडलेलेच राहिले आहे. दादीजानचा आयुष्यातला एकमेव फोटो हजच्या पासपोर्टसाठी काढला गेला आणि तोही दादाजींनी पाकिटात घालून कपाटात ठेवला. तस्वीर जायज की नाजायज यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत, आणि त्या बहसमध्ये शिरण्याइतके आमचे इल्म नाही. बुजुर्गांना आम्ही एवढेच सांगितले की किल्ले आणि समुद्र दहा वर्षांनी गेलो तरी तिथेच असतात. नवरी मात्र त्या दिवशीच नवरी असते. त्यांनी मान हलवली. पटले की नाही ते कळले नाही.

वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जातेच. मराठीत छायाचित्र म्हणतात, छायेचे चित्र. उर्दूत फोटोग्राफरला ‘अक्कास’ म्हणतात, म्हणजे अक्स, प्रतिबिंब पकडणारा. छाया असो की अक्स, दोन्ही ज्याचे त्याचे असते. ते दुसऱ्याने घेऊन जायचे तर मालकाला विचारायला हवे, एवढे दोन्ही शब्दांतून समजते.

जेजुरीला जायचे तर रविवार टाळू नये. रविवार हा खंडोबाचा वार, गर्दी असते पण जोडपीही तेव्हाच येतात. मात्र सकाळी सहाला पायथ्याशी पोहोचावे. मे महिन्यात दहानंतर त्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय टेकवत नाही आणि ऊन इतके कडक होते की चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात. पहाटेचा उजेड तिरपा येतो, उधळलेल्या भंडाऱ्यात तो अडकतो आणि क्षणभर सारी कमान सोन्याच्या धुरात बुडाल्यासारखी दिसते. लोक ‘नऊ लाख पायरी’ म्हणतात. नऊ लाख अर्थातच नाहीत, पण वाटेवर दगडी कमानी आणि दीपमाळा इतक्या आहेत की मोजणाऱ्याची गफलत व्हावी. अर्ध्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. म्हाळसा ही देवाची पहिली बायको, वाण्याची लेक. बाणाई दुसरी, धनगराची. दोन्ही समाजांची जोडपी या वाटेवर भेटतात. वर तटबंदीच्या आत पितळी पत्र्याने मढवलेले भले मोठे कासव आहे, त्यावर भंडारा आणि खोबरे उधळतात. आम्ही आवारापर्यंत जातो. गाभाऱ्यात आमचे काही काम नाही आणि कॅमेऱ्याचेही नाही.

ज्या बहिणींना फोटोचा शौक आहे त्यांच्यासाठी एक-दोन कामाच्या गोष्टी. भंडारा म्हणजे हळदीची अत्यंत बारीक पूड, ती कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत शिरते. आम्ही कॅमेऱ्यावर दुधाची धुतलेली पिशवी चढवतो, लेन्सपुरते भोक पाडून रबर लावतो. लेन्सवर हळद बसली तर रुमालाने पुसायची नाही, आधी रबरी ब्लोअरने हवा मारून उडवायची. नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. दुसरे, कॅमेऱ्याला एवढा पिवळा रंग पाहवत नाही. त्याला वाटते काहीतरी बिघडले आहे, आणि तो आपल्या मनाने सगळ्यात निळसर झाक मिसळतो. म्हणून रंगाची निवड कॅमेऱ्यावर न सोपवता उन्हाच्या खुणेवर ठेवावी. मोबाईललाही हेच लागू आहे.

जेजुरीत मुसलमान परका नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. खंडोबाला मल्लूखान असेही एक नाव आहे. देवाच्या घोड्याची देखभाल परंपरेने मुसलमानांकडे राहिली आहे. देवाला न मानणाऱ्याने देवाच्या घोड्याला चारा घालायचा, यात तिथल्या कुणाला विसंगती वाटली नाही. आमचा अकीदा आमच्याजवळ, त्यांची श्रद्धा त्यांच्याजवळ, आणि घोडा दोघांच्या मध्ये. आता काळ बदलला आहे हे आम्हालाही दिसते. म्हणूनच आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. डोक्यावर ओढणी घेतलेली बाई आणि हातात कॅमेरा, पुढ्यात दुसऱ्याची नवीनकोरी सून. कुणी काही बोलले तर?

बोलले असे फारसे कुणी नाही. पण एक गोष्ट आम्ही दरवेळी पाहिली. आम्ही जवळ जाऊन म्हणतो, “एक फोटो काढू का?” उत्तर येते, “काढा की ताई!” मग दोन फोटो झाले की बोलणे सुरू होते. कुठल्या, काय करता, मास्तरीण का, मग नाव काय? नाव सांगितले की क्षणभर थांबतात. पुढच्या वाक्यात ‘ताई’चे ‘भाभी’ झालेले असते. “मग भाभी, आमच्या आजीचा पण काढा.” आमच्या भागात मुसलमान बाईला भाभी म्हणायची पद्धतच आहे, त्यात अनादर नाही. उलट नाते नक्की झाल्यासारखे असते. तरीही त्या एका क्षणाच्या थांबण्यात समोरच्याचे मन काय काय चाळून येत असेल, याचा विचार येतोच. आमची लेक तर आता पैज लावते: अम्मी, किती सेकंद?

एकदा मात्र नाव ऐकल्यावर नवरदेवाच्या काकांनी हात आडवा केला. “नको. राहू द्या.” आवाजात राग नव्हता, पण दरवाजा बंद होता. मुलांच्या अब्बांनी “ठीक आहे, मुबारक असो,” म्हटले आणि आम्ही चार पायऱ्या खाली उतरून आलो. सूरह नूरमध्ये हुकूम आहे की दुसऱ्यांच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये, आणि परत जा असे सांगितले तर परत फिरावे, तेच जास्त पाक आहे. त्या काळी उंबरठे होते, कॅमेरे नव्हते. पण लेन्सच्या पलीकडचा चेहरा हे कुणाचे तरी घरच आहे असे धरले तर हा हुकूम आमच्या कामाला जसाच्या तसा लागू पडतो. त्याच सूरहमध्ये पुढे नजर खाली ठेवायचा हुकूम आहे. म्हणून लांबून, भिंतीआडून, मोठ्या लेन्सने चोरून काढलेला नवरीचा फोटो कितीही सुंदर आला तरी आमच्या घरात तो चालत नाही. काही शौकीन मंडळी अशाच फोटोंना ‘नैसर्गिक’ म्हणून डोक्यावर घेतात. आम्हाला ते पटत नाही.

दुसरा नकार आला तो एका नवरीकडून. दुपार टळत आली होती, गर्दी ओसरली होती. पायथ्याच्या बाजूला एक जोडपे दिसले. मुलगी वीस-बावीसची, हिरवी साडी, चुडा पुरा नाही, हातांत चार-चार बांगड्या. मुलगा तिच्याहून फार मोठा नाही. दोघांबरोबर कुणीच नव्हते. ना करवली, ना मामा, ना खोबऱ्याची पिशवी धरायला आजी. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि तिला उचलले. पाच पायऱ्या चढला, हसत उतरवले. टाळ्या वाजवायला कुणी नव्हते. आम्ही जवळ जाऊन विचारले तेव्हा मुलीचा चेहरा एकदम उतरला.

“नको ताई. घरी माहीत नाही अजून. फोटो कुठं गेला तर…”

तिने वाक्य पुरे केले नाही, पण कुणाला न सांगता लग्न करणाऱ्या मुलीला एखादा फोटो काय करू शकतो हे आम्हाला तिच्याकडून ऐकण्याची गरज नव्हती. आजकाल अनोळखी माणसाने काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत चार गटांतून फिरून नेमका नको त्या गावात पोहोचतो. ‘हे कोण ओळखा’ असे म्हणून लोक पुढे ढकलतात, गंमत म्हणून. तिकडे कुणाच्या तरी जिवावर बेतते. दोघे कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे, आम्ही विचारले नाही. कॅमेरा पिशवीत घातला.

आम्ही वळलो तोच मुलाने हाक मारली. त्याने खिशातून स्वतःचा मोबाईल काढून लेकीच्या हातात दिला. “ह्याच्यावर काढून द्या ना ताई. आमच्याकडं एक पण नाही.” मग तो परत खाली गेला, तिला परत उचलले, परत पाच पायऱ्या. लेकीने फोटो काढले आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघांचा फोटो आमच्याकडे नाही. पायऱ्यांवरचे जेवढे फोटो आम्ही पाहिले असतील त्यांत तो सर्वांत चांगला आला होता, असे लेक अजून म्हणते.

कायद्याचे थोडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचा फोटोग्राफर तुमचे फोटो तुम्हाला न विचारता जाहिरातीत वापरू लागला तर ‘माझे फोटो आहेत’ असे त्याला म्हणता येत नाही. हे आपल्या घरच्या निकाहलाही लागू आहे, बहिणींनी लक्षात ठेवावे. पण आमच्यासारख्या वाटसरूने स्वतःहून, फुकट काढलेल्या फोटोचा मालक वाटसरूच. कायद्याने आम्ही मालक. म्हणून आम्ही घरापुरता एक कायदा केला आहे. ज्यांचा फोटो, त्यांना छापील प्रत पोस्टाने जाते, आणि त्यांच्या होकाराशिवाय तो कोणाच्याही मोबाईलवर जात नाही, नातेवाइकांच्या गटातही नाही. लेकीच्या पिशवीत एक शंभरपानी वही असते. फोटो झाला की जोडपे स्वतःच्या हाताने तीत पत्ता लिहिते. कितीतरी नवऱ्या मुली पहिल्यांदाच सासरचे आडनाव लिहीत असतात आणि लिहिताना अडखळतात. माहेरचे आडनाव खोडून वर नवे लिहिलेले असे नऊ पत्ते आमच्या वहीत आहेत.

जेजुरीबाहेरही आम्ही हिंडलो. केरळमधले गुरुवायूर हे त्रिशूरपासून तासाभरावर आहे. आम्ही तिथे गेलो त्याला आता बरीच वर्षे झाली. श्रीकृष्णाच्या मंदिरासमोर लग्ने लावण्याची तिथली प्रथा इतकी लोकप्रिय आहे की चांगल्या मुहूर्ताला रांग लागते. ८ सप्टेंबर २०२४ या एका दिवशी तिथे ३०० हून अधिक लग्ने लागली. मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही, तशी स्पष्ट पाटी आहे. त्यामुळे आम्ही बाहेरच थांबलो. पण लग्नाचे मंडपही बाहेरच, पूर्वेच्या दारासमोर आहेत. नादस्वरम आणि तविलचा गजर, थाळी बांधली, हार घातले, दोन-तीन मिनिटांत जोडपे खाली आणि पुढचे वर. मराठी लग्नाचा दिवसभराचा पसारा पाहिलेल्या माणसाला आधी हे घाईचे वाटते. मग लक्षात येते की वधूपिता कर्जात बुडत नाही तो असाच. (आपल्याकडे निकाह दहा मिनिटांचा आणि त्याभोवतीचा थाट पाच दिवसांचा करून ठेवणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.) सोनेरी काठाच्या पांढऱ्या साड्या आणि केसांत मोगऱ्याचे जाड गजरे, तिथे आम्ही चेहऱ्यांपेक्षा पाठमोरे फोटो जास्त काढले. मल्याळम येत नव्हते, इजाजत खुणेनेच मागावी लागली, आणि खुणेने दिलेल्या होकारात नेमके किती मान्य केले आहे हे कळत नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मंदिरासमोरच्या त्या मांडवात लग्न आणि धार्मिक विधी सोडून इतर व्हिडिओ चित्रणाला मनाई केली. बातमी वाचून आम्हाला बरेच वाटले. तिथली कॅमेऱ्यांची दाटी पाहिलेल्या कुणालाही वाटेल.

तर वहीतल्या पत्त्यांपैकी एक होता माण तालुक्यातल्या एका वाडीचा. धनगर कुटुंब. जेजुरीला नवरदेवाने नवरीला पाचऐवजी पंचवीस पायऱ्या नेली होती आणि आजीने त्याला “पुरं कर, मुडद्या, हाडं मोडतील,” म्हणून झापले होते. तो झापतानाचा फोटो आम्ही पाठवला. महिन्याभराने फोन आला. धाकट्या भावाचे लग्न पुढच्या वर्षी, यायचेच, आणि कॅमेरा घेऊन यायचे. आम्ही गेलो.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी पोहोचलो तेव्हा मांडव पडला होता, जात्याला हळदकुंकू लावून हळकुंडे दळणे चालले होते. आजीने आम्हाला आत घेतले आणि फडताळातून स्टीलचा डबा काढला.

“ह्ये पेढं तुमच्यासाठी येगळं काडून ठिवल्यात. देवाला दावलेलं न्हाईत. खा बिनघोर.”

आम्ही काहीच म्हटलेले नव्हते. शहरात अनेक वर्षांची ओळख असलेल्या माणसांनाही प्रसादाचा विषय नीट कळत नाही. नको म्हटले की त्यांना वाईट वाटते, घेतला की आमच्या मनाला टोचते. त्या आजीला तो कुणी शिकवला असेल? “आमच्या आळीला पिंजाऱ्याचं घर हुतं की,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

हळदीच्या वेळी पुरुषांना त्या कोपऱ्यात येऊ देत नव्हते. पैसे देऊन आणलेला फोटोग्राफर पोरगाही अंगणात ताटकळत होता. आम्ही मायलेकी मात्र बायकांच्या घोळक्यात. १८९२ साली राजा दीनदयाळ यांनी हैदराबादकडे खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला होता, तो का ते अशा वेळी कळते. बायका बायकांसमोर वेगळ्या हसतात. पदर खोचून, दात नसलेले तोंड उघडून, एकमेकींच्या गालाला हळद फासत. आमच्याकडेही हळद लागते, ढोलकीवर गाणी होतात, नवरदेवाच्या बहिणी असाच धिंगाणा घालतात. चाल ओळखीची, बोल निराळे.

त्या घोळक्यात नवरदेवाची आई नव्हती. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता. हळद लावायला पाच सुवासिनी, विधीला काका-काकू, आणि आई चुलीपाशी. ती नाराज दिसत नव्हती. भांडी काढत होती, पाहुण्यांना पाणी देत होती, आणि दारातून मधून मधून बघत होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. परिपत्रक सगळ्या वाड्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आणि आपणही फार ताठ मानेने बोलावे असे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या हे आपण प्रत्येक वाजमध्ये ऐकतो, आणि घरी येऊन मेंदीच्या ताटाला बेवा खालाचा हात लागू नये म्हणून तिला हळूच दुसऱ्या कामाला पाठवतो. हे आपल्या दीनमध्ये कुठे लिहिले आहे?

पाहुण्या म्हणून गेलेल्या आम्हाला तिथे काही बोलण्याचा हक्क नव्हता आणि आम्ही बोललोही नाही. हळद संपली, नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे न्यायला मुले निघाली. पिवळाजर्द नवरदेव पाटावरून उठला, थेट चुलीपाशी गेला आणि आईच्या हातातली कळशी खाली ठेवून तिच्या दोन्ही गालांना आपला गाल घासला. “आई, आता तुला बी लागली.” ती “आरं, आरं” करत मागे सरली. आजी ओरडेल म्हणून सगळ्या बायका गप्प झाल्या. आजीने पाहिले, आणि म्हणाली, “लागली तर लागली. पोटचा हाय.” मग आमच्याकडे वळून, “भाभी, काड की फोटू. बघत काय बसलीस?”

इजाजत आम्ही मागितली नव्हती. ती हुकूम होऊन आली.

लग्न गोरज मुहूर्तावर होते. उजेड भराभर उतरत होता. अंतरपाट धरला गेला तेव्हा आम्ही फोटोग्राफर पोराची जागा सोडून बाजूला, बायकांच्या मागे उभ्या राहिलो. त्याला त्या कामाचे पैसे मिळतात, त्याची चौकट आपल्या डोक्याने अडवू नये. अंतरपाट ही आमच्या दृष्टीने मराठी लग्नातली सर्वांत देखणी गोष्ट. दोघे समोरासमोर उभे, मध्ये फक्त एक पांढरे कापड, आणि मंगलाष्टका संपेपर्यंत एकमेकांना पाहायचे नाही. आमच्या दख्खनी घरांत निकाहनंतर आरसीमुसहफची रस्म असते, दुल्हा-दुल्हन एकमेकांना पहिल्यांदा आरशात पाहतात. तिकडे कापड, इकडे आरसा. पाहण्याआधी थोडे थांबायचे, दोघांकडेही. “सावधान” झाले, कापड सरकले, आणि नेमक्या त्याच क्षणी दोन-तीनशे हातांनी टाकलेल्या अक्षतांनी दोघांचे चेहरे झाकून गेले. दरवेळी असेच होते. तो क्षण अजून आमच्या कॅमेऱ्यात नीट आलेला नाही.

जेवणात आमटी-भात, गव्हाची खीर, बुंदी होती. मगरिबसाठी शेजारच्या गोठ्याबाहेर सतरंजी अंथरून दिली होती, शेळ्या बांधल्या होत्या तिथून दोन हात अलीकडे. मुलांचे अब्बा नमाज पढत असताना दोन पोरे शेळ्यांना गप्प करत उभी होती.

सुट्टी संपायच्या आत आम्ही चाळीस फोटो छापून, मध्ये पुठ्ठा घालून, पोस्टाने पाठवले. आठवड्याने नवरदेवाचा फोन आला. सगळे मिळाले, बायकोला अंतरपाटाचा आवडला, आजीला तिचा कुठलाच आवडला नाही. मग म्हणाला, “गुरुजींना सांगा, आईचा तो फोटो मोठा करून पायजे. भिंतीवर लावायचा हाय, आबांच्या शेजारी. कितीला पडल तेवढं सांगा.” आम्ही बारा बाय अठराचा, चमक नसलेल्या कागदावर करून पाठवला. पैशांचे काही कळवले नाही. पुढच्या महिन्यात एसटीच्या पार्सलने डाळिंबांची पेटी आली, वर मुलांच्या अब्बांचे नाव आणि खाली कंसात ‘भाभींसाठी’.